मदत हवी आहे: आद्रेसेआविसनचे १९४०-४५चे अंक भारतातून कसे वाचायचे?

नॉर्वेतल्या ट्रोन्हाइम शहराच्या 'आद्रेसेआविसन' या दैनिकाच्या इतिहासावर लेख लिहितेय. १७६७ मध्ये सुरू झालेलं आणि आजही चालू असलेलं हे नॉर्वेतलं सर्वांत जुनं वर्तमानपत्र. सुरुवातीला ते जाहिराती आणि सूचनांचं पत्रक होतं. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे, त्यामुळे भाषा डॅनिश आणि छपाई गॉथिक अक्षरांत. (ती वाचताना डोळे फिरतात, पण जमतंय.)

जुने अंक नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सापडले. अडलंय ते १९४० ते १९४५च्या जर्मन ताब्यातल्या काळाशी. तेव्हाही पेपर निघत होता, पण नाझींच्या नियंत्रणाखाली. लेखाचा गाभा तोच आहे आणि नेमके तेच अंक इथून उघडत नाहीत. 'फक्त नॉर्वेतल्या ग्रंथालयांत उपलब्ध' असं दिसतं. ग्रंथालयाला ईमेल केलाय, उत्तर नाही. विद्यापीठाशी संलग्न नाही, त्यामुळे संशोधक म्हणून ओळखपत्र नाही. व्हीपीएनसारखे आडमार्ग नकोत. नॉर्वेजियन कामापुरतं वाचता येतं, त्यामुळे भाषांतर नकोय.

स्वतंत्र लेखकाला परदेशातून अशी परवानगी मिळते का, आणि अर्ज नेमका कुठे करायचा? की ट्रोन्हाइममधल्या कुणी ग्रंथालयात बसून मोजकी पानं बघून देणं हाच मार्ग आहे?