हाफ इंजिन केलं, आता गरम झाल्यावर किक रिकामी जाते. व्हॉल्व्हचा दोष कसा ओळखायचा?

चाळीसगावकर

राम राम मंडळी. 2006ची जुनी स्प्लेंडर घेतली. धूर मारत होती म्हणून हाफ इंजिन (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे ब्लॉक आणि हेड, उघडून दुरुस्त) करून घेतलं. ब्लॉक बोअर करून 0.25 मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकला, रिंगा नव्या. हेडमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह, गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) आणि ऑइल सील नवे. गाईड लेथवाल्याने बसवले, व्हॉल्व्ह मिस्त्रीने पेस्ट लावून घासले. हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरून रात्रभर ठेवलं, पोर्टात थेंब उतरला नाही.

सकाळी गाडी एका किकेत सुरू होते. पण कन्नडचा घाट चढून वर चहाला थांबलो की नंतर सुरूच होत नाही. किक नुसती खाली जाते, पायाला जोर लागतच नाही. अर्ध्या तासाने परत पहिल्यासारखी. चढावर कधी कधी सायलेन्सरमध्ये फटफट होते आणि ताकद जाते. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यातला गॅप) थंड इंजिनवर 0.05 मिमी लावलेत, प्लग बदलला. मिस्त्री म्हणतो रिंगा बसायच्या आहेत, हजार किलोमीटर चालव. दुधाचे कॅन याच गाडीवर डेअरीला जातात, रस्त्यात बंद पडून चालत नाही. हेड पुन्हा उघडायच्या आधी दोष नक्की कुठे आहे ते कळेल का?

धुळ्याहून

गरम झाली की बंद, थंड झाली की चालू, हे कॉइलचंही लक्षण आहे. बंद पडेल तेव्हा प्लग काढून हेडला टेकव आणि स्पार्क बघ. कार्बोरेटरचा जेटही साफ करून घे.

भुसावळचा मिस्त्री

धुळ्याचे भाऊ म्हणतात तसा स्पार्क बघायला दोन मिनिटं लागतात, बघून घ्या. पण कॉइल गेली तर किक हलकी पडत नाही. किक रिकामी जाते म्हणजे हवा कुठून तरी निघून जाते आहे, आणि ती फक्त गरम असताना निघते. रिंगा बसल्या नसत्या तर सकाळीही कॉम्प्रेशन कमीच लागलं असतं. रिंगांची शंका फेडायचीच असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि किक मारा. जोर वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग.

आता मुख्य गोष्ट. दोष ज्या वेळी येतो त्याच वेळी तपासा. थंड हेडवर रॉकेलची टेस्ट पास झाली म्हणजे गरम हेड पास झालं असं नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो, तेव्हा अशा गाड्या रांगेने येतात. हिवाळ्यात याच गाड्या कुरकुरत का होईना चालत असतात.

घाटावर गाडी बंद पडली की लगेच, तिथेच, टॅपेटची दोन्ही झाकणं उघडा. हात भाजेल, जाड फडकं घ्या. मॅग्नेटच्या कव्हरवरची झाकणं काढून मॅग्नेट (आतलं फिरतं चाक) घड्याळाच्या उलट फिरवा आणि त्यावरची टी खूण जुळवा, तेव्हा पिस्टन सगळ्यात वर असतो. कॅमच्या एका फेऱ्यात ही खूण दोनदा येते. इनलेट व्हॉल्व्ह दाबून परत वर आल्यानंतर जी टी येते ती आपली. आता दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा. दोन्हीकडे बारीक गॅप असेल तर व्हॉल्व्ह बंद होत आहेत, शोध दुसरीकडे घ्या. गॅप अजिबात नसेल तर टॅपेट टाइट आहे, व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. आणि एक्झॉस्टचा रॉकर खुळखुळा हलला, फिलर गेजची (गॅप मोजायची) पातळ पट्टी सोडा, नखही सहज आत जाईल इतका, तर व्हॉल्व्ह गाईडमध्ये उघडाच अडकला आहे. माझा अंदाज हाच.

कारण सांगतो. नवा गाईड हेडमध्ये ठोकला की आवळला जातो, आतलं भोक जरासं लहान होतं. त्यावर रीमर (भोक मापाला आणणारं हत्यार) फिरवायलाच लागतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, त्याची दांडी जास्त फुगते, म्हणून त्याला इनलेटपेक्षा जास्त मोकळीक ठेवतात. रीमर न मारता व्हॉल्व्ह घातला तर थंड असताना लोण्यासारखा फिरतो आणि तापला की धरतो. अडकलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळला तर व्हॉल्व्ह वाकतो, म्हणून हजार किलोमीटर चालवत बसू नका भो.

चाळीसगावकर

दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. स्पार्क कडक निळा. एक्झॉस्टचा रॉकर अगदी ढिला, इनलेटचा बरोबर. तिथेच थांबलो, थोड्या वेळाने टक् असा आवाज आला आणि गॅप परत जागेवर. हेड उघडलंय. एक्झॉस्टच्या दांडीवर गाईड बसतो त्या भागात उभ्या चकचकीत रेघा आहेत, खालच्या टोकाला तांबूस-काळा थर. इनलेटची दांडी साफ. आता फक्त रीमर मारून तोच व्हॉल्व्ह घालू का?

भुसावळचा मिस्त्री

त्या टक् आवाजातच सगळं आलं. दांडीवरून नख फिरवा. रेघ नखाला लागली तर व्हॉल्व्ह नवा घ्या. व्हॉल्व्हचे पैसे वाचवून इंजिन घालवू नका.

लेथवर जाल तेव्हा समोर उभे राहा. आधी रीमर, मग सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कड) कटिंग, हा क्रम बदलू देऊ नका. कटर गाईडच्या भोकात दांडी घालूनच फिरतो, म्हणजे सीट गाईडशी एका मध्यावर येते. गाईड बदलून सीट तशीच ठेवली तर व्हॉल्व्ह एका बाजूला टेकतो, मग कितीही पेस्ट घासा. कटिंग झाल्यावर सीटवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारा, व्हॉल्व्ह ठेवून पाव फेरा फिरवा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या पाहिजेत. सीटचा पट्टा साधारण एक मिलिमीटर, सगळीकडे सारखा. घासलेली पेस्ट पेट्रोलने आणि ब्रशने गाईडच्या आतूनही धुवा, राहिली तर नवा गाईडही खाऊन टाकेल.

अमळनेरहून

मग इनलेटचा गाईडही बघायचा का? तो तर अडकत नाही.

भुसावळचा मिस्त्री

बघायचाच. दोन्ही एकाच हाताने बसवलेत. कोरडी दांडी गाईडमध्ये सोडा, स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे, पण आडवी हलवली तर खडखडायला नको. आणि गाडी चालू झाल्यावर तीन-चारशे किलोमीटरनंतर टॅपेट परत तपासा, इंजिन पूर्ण थंड असताना. नवी सीट बसते तशी व्हॉल्व्ह जरा वर सरकतो आणि गॅप कमी होतो. त्यामुळे सकाळी दूध घालायला निघायच्या आधीच बघा.