मदत हवी आहे: एमबीबीएस राज्य कोट्याचे फेरीनिहाय आकडे

महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के राज्य कोट्याचे २०२३ ते २०२५ चे आकडे हवे आहेत. प्रत्येक फेरीत, प्रत्येक प्रवर्गात शेवटचा प्रवेश कोणत्या नीट रँकला झाला, एवढंच. गुणांचा कटऑफ कृपया सांगू नका. २०२४ ला १७ जणांना ७२० पैकी ७२०, तर २०२५ ला पहिला आलेला ६८६ वर, मग गुणांची तुलना करायची कशी?

सीईटी सेलच्या (राज्यातली प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या कक्षाच्या) निवड याद्या उतरवून एक्सेलमध्ये भरल्या. पण त्यात जागा मिळालेले सगळे दिसतात, प्रत्यक्ष रुजू कोण झालं ते कळत नाही. क्लासवाल्यांचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे ते बाजूला ठेवलेत. या तीन वर्षांत एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) २०२४ पासूनच आहे हे माहीत आहे. अखिल भारतीय १५ टक्के आणि खासगी महाविद्यालयं आत्ता नकोत.

आता माहिती अधिकारात अर्ज करायचा विचार आहे. तो सीईटी सेलकडे करावा की वैद्यकीय शिक्षण संचालनालयाकडे? आणि ‘माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ एवढंच उत्तर येऊ नये म्हणून रुजू झालेल्यांची माहिती नेमक्या कोणत्या शब्दांत मागावी?