रविवारची उभारी सोमवारी तुर्भ्यापर्यंतही पोचत नाही

कळवेकर : रविवारी चर्चमधून येतो तेव्हा मन कसं भरलेलं असतं. सोमवारी ठाण्याच्या 10 नंबरवर वाशी लोकलसाठी धक्के खाल्ले की सगळं विरतं. दिवसभर तुर्भ्याच्या गोदामात चलनं आणि खोकी जुळवायची. यात देवाचा काय हेतू असणार? तुमचं कसं चालतं?

वाशीची सिस्टर : मला हॉस्पिटलात नाईट असते. मोठी प्रार्थना जमतच नाही, खोटं कशाला बोलू. हातमोजे चढवताना म्हणते, "प्रभू, ही खाट तुझी." परवा एका आजींनी तीनदा सलाईन उपटलं. तिसऱ्यांदा मी चिडलेच, मग त्यांचा हात धरून बसले. चिडणंही त्यालाच सांगते.

जांभळीनाका काका : बाळा, बायबलमधलं कलस्सैकरांस पत्र 3:23 काढ. जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, असा भाव आहे. पण आधीचं 22वं वचनही बघ. पत्र लिहिणारा पौल हे दासांना सांगतोय, चर्चच्या पाळकांना नाही! आपले साहेब हेच वचन जादा काम काढायला वापरतात, ते वेगळं. आणि लोकलमध्ये रेव्हरंड टिळकांचा एखादा अभंग गुणगुणत जा. वारकऱ्यांची चाल, ख्रिस्ताचं नाव. गर्दीत बरं वाटतं.

कळवेकर : काका, 22वं कधी वाचलंच नव्हतं. आज एक खोकं कमी भरलं. हमालाच्या अंगावर ओरडणार होतो, आधी पुन्हा मोजलं. चूक माझीच होती.