जॉन कॅमेरन नुसता नावाचा मॅनेजर नव्हता

१९०१चा एफए कप (इंग्लंडमधली फुटबॉलची मोठी बाद स्पर्धा) टॉटनहॅम या लंडनच्या क्लबला सँडी ब्राउनच्या १५ गोलांनी मिळाला, मॅनेजर जॉन कॅमेरन नुसता नावापुरता होता, असं म्हटलं जातं. गोलांचं बरोबरच. पण म्हणून जॉन कॅमेरनला 'नावापुरता मॅनेजर' म्हणणं मला अजिबात पटत नाही. स्कॉटलंडमधल्या एअर गावचा हा गडी तेव्हा खेळाडूही होता आणि मॅनेजरही. अंतिम सामना बरोबरीत सुटल्यावर बोल्टनला झालेल्या फेरसामन्यात मध्यंतराला शेफील्ड युनायटेड १-० ने पुढे होती. बरोबरीचा गोल कॅमेरननेच मारला, आणि मग सामना ३-१ असा फिरला. स्पर्स, म्हणजे टॉटनहॅमच, तेव्हा सदर्न लीगमध्ये होते, देशातल्या मुख्य फुटबॉल लीगमध्ये नव्हते. फुटबॉल लीग सुरू झाल्यापासून लीगबाहेरच्या दुसऱ्या कुठल्याच क्लबने हा कप जिंकलेला नाही.

या वादात राहून जाणारा मुद्दा म्हणजे त्याचं संघटनेचं काम. १८९८मध्ये खेळाडूंची युनियन निघाली, तिचा सेक्रेटरी हाच. क्लब बदलताना खेळाडूला स्वतः बोलणी करता यावीत, ही तिची मुख्य मागणी. युनियन फार टिकली नाही, पण मागणी रास्तच होती. पुढे तो जर्मनीत ड्रेस्डेनला कोच झाला आणि १९१४च्या युद्धात बर्लिनजवळच्या रूलेबेन या स्थानबद्धांच्या छावणीत अडकला. स्टीव्ह ब्लूमर आणि फ्रेड पेंटलंड हे इंग्लंडचे फुटबॉलपटूही तिथेच होते, आणि त्या स्थानबद्धांनी तिथेही फुटबॉलचे सामने भरवले.