घरी बनवलेली पीसीबी (सर्किट बोर्ड) पावसाळ्यात हिरवी पडते, वरून काय लावू?

खाडीकाठ, ऐरोली

नमस्कार. आईकडच्या गच्चीवरच्या टाकीसाठी मी घरीच कंट्रोलर बनवला आहे. पाणी खाली गेलं की पंप चालू, टाकी भरली की बंद. टोनर ट्रान्सफर करून (लेझर प्रिंटरच्या छापाने तांब्यावर नकाशा उमटवून), फेरिक क्लोराईडमध्ये एचिंग केलेली, म्हणजे नको असलेलं तांबं विरघळवलेली, साधी पीसीबी. चालतो छान, पण दोन पावसाळ्यांत दोन बोर्ड गेले. दुसऱ्या वेळी तर तांब्याच्या ट्रॅकवर नेलपॉलिशचे दोन हात दिले होते. परवा डबा उघडला, तर पॉलिश जागच्या जागी, चकचकीत, आणि तिच्याखाली हिरवी रेघ. नखाने पापुद्रा उचलला, तर त्याला चिकटून ट्रॅकही निघून आला.

आई एकटी राहते. पंप बंद झाला नाही तर तिला रात्री दोन जिने चढावे लागतात, म्हणून विचारतोय. एपॉक्सी ओतून एकदाचं सगळं बंद करून टाकू का?

जुना रिपेअरवाला, ठाणे

एपॉक्सी नको. उद्या रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच) गेला तर अख्खा बोर्ड फेकावा लागेल. आणि तुमचा रोग वरून आलेलाच नाही, तो आतला आहे. एचिंगनंतर फेरिक क्लोराईड भोकांत आणि बोर्डाच्या कडांत मुरून राहतं. त्याला ओल मिळाली की क्लोराईड तांबं खातं, आणि खाऊन संपत नाही, पुन्हा पुन्हा खातच राहतं. पाण्याची वाफ पूर्ण अडवेल असा लेप नसतो. नेलपॉलिश तर मुळीच अडवत नाही. तुम्ही घाण आत कोंडलीत.

सोल्डरिंगला पेस्ट कुठली वापरता? आणि बोर्ड तपकिरी फिनॉलिकचा की काचतंतूचा?

खाडीकाठ, ऐरोली

तपकिरी. पेस्ट हार्डवेअरच्या दुकानातली, छोट्या डबीतली. आत्ता वाचलं, डबीवर झिंक क्लोराईड लिहिलंय.

जुना रिपेअरवाला, ठाणे

सापडलं मग. ती पेस्ट पत्र्याच्या कामाची. इलेक्ट्रॉनिक्सला राळेचाच फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो) हवा. फिनॉलिक बोर्ड कागदाचा असतो, ओल पितो. या वेळी काचतंतूचा एफआर-४ घ्या.

आता क्रम सांगतो. एचिंग झालं की वाहत्या पाण्याखाली धुवा, सौम्य खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, पुन्हा भरपूर धुवा आणि शेवटचं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड घ्या. मग ट्रॅकना कल्हई करा. शब्दशः कल्हईच: तांब्याच्या भांड्यात अन्न कळकू नये म्हणून कथील चढवायचे, तेच हे. फक्त कल्हईवाला नवसागर टाकायचा आणि नवसागरातही क्लोराईडच असतं, म्हणून इथे राळ. सोल्डरिंगची गरम इस्त्री आणि थोडं सोल्डर, ट्रॅकवरून एकच हात, पातळ. सोल्डरचे गोळे साचू देऊ नका.

पार्ट लावून झाले की आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने मागची बाजू घासा. आयपीए एकदा लावून नुसतं वाळू दिलं तर फ्लक्स पसरून पांढरा थर राहतो. दुसऱ्यांदा स्वच्छ आयपीए ओतून निथळू द्या. कामाच्या वेळी खिडकी उघडी आणि गॅस बंद. बोर्ड पूर्ण वाळला की अ‍ॅक्रिलिक कॉन्फॉर्मल कोटिंगचा (बोर्डावरच्या पातळ संरक्षक लेपाचा) स्प्रे, दोन पातळ हात, एक आडवा, एक उभा. कडांवर नक्की मारा, बहुतेक लोक तिथेच विसरतात. कनेक्टर, प्रीसेट (फिरवून सेट करायचा छोटा रेझिस्टर) आणि रिले आधी मास्किंग टेपने झाका, लेप रिलेच्या आत गेला तर कॉन्टॅक्ट लागत नाहीत. हे काम जुलैच्या पावसात करू नका, कोरड्या दिवशी करा. अ‍ॅक्रिलिकचा फायदा असा की उद्या पार्ट बदलायचा झाला तर सॉल्व्हंटने निघतं, सोल्डरिंगच्या इस्त्रीनेही जागेपुरतं जळून जातं.

नेरूळची ताई

सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातून निघणारं अ‍ॅसिटिक आम्ल तांब्याला लागतं. न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना असं आम्ल न सोडणारं, मागून घ्या.

आणि पंपाची २३० व्होल्टची बाजू लेपाच्या भरवशावर ठेवू नका. ती आणि कमी व्होल्टची, या दोन्ही बाजूंमध्ये मी निदान ६ मिलिमीटर मोकळी जागा सोडते आणि रिलेखाली करवतीने खाच पाडते, म्हणजे ओल आली तरी पृष्ठभागावरून वाट राहत नाही. आमच्या बिल्डिंगच्या पंपरूममध्ये पॅनेलमध्ये पाल शिरून शॉर्ट झाला होता, तेव्हापासून वायरी खालून आणि ग्लँडमधूनच (वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून) घेते. डबा घट्ट बंद करून आत सिलिका जेल टाकलं तर ते काही आठवड्यांत ओल पिऊन थकतं. डब्याच्या तळाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, आतून बारीक जाळी लावा. रात्री आत साचलेलं दव निघून जाईल.

खाडीकाठ, ऐरोली

नवीन बोर्ड झाला. एफआर-४, राळेचा फ्लक्स, कल्हई, धुणं, सगळं तुम्ही सांगितलं तसं. आयपीएने पहिल्यांदा घासलं तेव्हा पांढरा कापूस पिवळट तपकिरी झाला, तिसऱ्यांदा तो कोरा निघाला, मगच स्प्रे मारला. आधी एवढी घाण राहते हे डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. डबा आईच्या गच्चीवर लागला, वायरी खालून, तळाला भोक. पावसाळा संपला की उघडून काय दिसतं ते इथेच लिहीन.