हिरव्या पडद्यावरचे चित्रीकरण पारदर्शक पार्श्वभूमीसह कसे एक्सपोर्ट करावे?

प्रश्न

नमस्कार. आठवीच्या विज्ञानाचे काही पाठ आम्ही हिरव्या पडद्यासमोर चित्रित केले आहेत. डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरवा रंग व्यवस्थित निघतो. परंतु एमपी४ फाइल तयार करून ॲनिमेशन करणाऱ्या सहकाऱ्यांना दिली, की त्यांच्याकडे शिक्षिकेच्या मागे काळा रंग येतो. त्यांना आकृत्या शिक्षिकेच्या मागून सरकवायच्या असल्यामुळे पार्श्वभूमी खरोखरच पारदर्शक हवी आहे. संगणक विंडोजचा असून चित्रीकरण १९२० बाय १०८०, २५ फ्रेमचे आहे. कोणता फॉरमॅट निवडावा आणि रिझॉल्व्हमध्ये नेमके काय करावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या कीमध्ये, म्हणजे हिरवा रंग काढण्याच्या क्रियेत, दोष दिसत नाही; अडचण फाइलच्या प्रकारात आहे. लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनेलांखेरीज कोणता पिक्सेल किती पारदर्शक आहे हे सांगणारा चौथा चॅनेल, म्हणजे अल्फा, फाइलमध्ये साठवावा लागतो आणि नेहमीच्या एच.२६४ एमपी४ मध्ये तो साठवला जात नाही. त्यामुळे जिथे काहीच नाही तिथे काळा रंग भरला जातो.

कलर पेजवर क्वालिफायरने (रंग निवडण्याच्या साधनाने) हिरवा रंग निवडून निवड उलटी केली असेल, तर नोड (रंगावरील प्रत्येक क्रियेचा चौकट) दिसतात त्या भागातील मोकळ्या जागेत राइट क्लिक करून 'ॲड अल्फा आउटपुट' घ्यावे आणि नोडचा निळा चौकोन उजवीकडच्या नव्या निळ्या बिंदूला जोडावा. ही जोडणी राहून गेली, तर पुढे कोणताही कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) निवडून उपयोग होत नाही. त्यानंतर डिलिव्हर पेजवर फॉरमॅट क्विकटाइम ठेवून कोडेक गोप्रो सिनेफॉर्म, प्रकार आरजीबी १६ बिट, असा निवडावा आणि 'एक्सपोर्ट अल्फा'वर खूण करावी. मॅक असता तर मी ॲपलचा कोडेक प्रोरेस ४४४४ सुचवला असता. प्रोरेस ४२२ मात्र घेऊ नये, कारण त्यात अल्फा नसतो.

फाइल बरीच मोठी होईल, याची तयारी ठेवावी. आपल्याच मापाच्या चित्रीकरणाला प्रोरेस ४४४४ मध्ये अल्फा न धरताही मिनिटाला सुमारे २ गीगाबाइट लागतात. म्हणून पूर्ण तासिका एकदम न काढता जिथे आकृती येणार आहे तेवढेच तुकडे काढावेत, असे माझे मत आहे. शिवाय तयार फाइल साध्या प्लेअरमध्ये उघडली तर मागे काळेच दिसण्याची शक्यता आहे. तेवढ्यावरून निष्कर्ष न काढता टाइमलाइनवर तिच्याखाली एखादा भडक रंग ठेवून तपासावे.

प्रतिसाद २

वरील उत्तर अचूक आहे, परंतु सहकाऱ्यांच्या हाती फाइल गेल्यावर कडांचा प्रश्न उभा राहतो आणि तो फॉरमॅटइतकाच महत्त्वाचा आहे. अल्फा दोन पद्धतींनी साठवला जातो: स्ट्रेट आणि प्रीमल्टिप्लाइड. समजा, शिक्षिकेचा एक पांढरा केस अर्धा पारदर्शक आहे. स्ट्रेटमध्ये त्या पिक्सेलचा रंग २५५ (म्हणजे पूर्ण पांढरा) असाच राहतो आणि अल्फा ५० टक्के असे वेगळे नोंदवले जाते. प्रीमल्टिप्लाइडमध्ये रंग आधीच काळ्यात मिसळून सुमारे १२८ झालेला असतो. ही दुसरी फाइल समोरच्या सॉफ्टवेअरने स्ट्रेट समजून वाचली, तर तो रंग पुन्हा निम्मा होऊन ६४ वर येतो आणि केसांभोवती, पदराच्या काठाने काळपट रेघ उमटते. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इंटरप्रिट फुटेज' आणि रिझॉल्व्हमध्ये 'क्लिप ॲट्रिब्यूट्स' येथे ही पद्धत बदलता येते, म्हणून की पुन्हा करायला बसण्याआधी तिथे पाहावे.

रेघ काळी नसून हिरवट असेल, तर कारण वेगळे आहे. पडद्यावरून परतलेला हिरवा प्रकाश कडांवर पडतो. तो क्वालिफायरमधील 'डिस्पिल'ने बराच कमी होतो. त्यातच अनेक कॅमेरे ४:२:० मध्ये नोंद करतात, म्हणजे चार पिक्सेलांना मिळून रंगाची एकच नोंद असते, आणि त्यामुळे केसांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. पुढच्या चित्रीकरणात शिक्षिकेला पडद्यापासून शक्य तितके पुढे उभे करावे आणि पडद्यावर स्वतंत्र, सारखा प्रकाश टाकावा. त्याने जो फरक पडतो तो नंतर कोणत्याही स्लायडरने साधत नाही, हे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. निळा चौकोन जोडलेला नव्हता. तो जोडून सिनेफॉर्ममध्ये फाइल काढल्यावर पार्श्वभूमी पारदर्शक आली. काळपट रेघही सहकाऱ्यांनी अल्फाची पद्धत बदलताच गेली. आता यातलाच एक छोटा तुकडा शाळेच्या संकेतस्थळावर, मजकुराच्या वर तरंगता ठेवायचा आहे. त्यासाठी ही फाइल चालेल का?

प्रतिसाद १

ही फाइल मूळ प्रत म्हणून जपून ठेवावी. संकेतस्थळासाठी तिच्यापासून हलक्या प्रती कराव्यात. क्रोम आणि फायरफॉक्ससाठी व्हीपी९ कोडेकची वेबएम फाइल घ्यावी. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरने ती करताना पिक्सेल फॉरमॅट अल्फासह असलेला, म्हणजे 'युव्हा४२०पी', असा स्पष्ट सांगावा. आयफोनवरील सफारीसाठी अल्फासह एचईव्हीसी या दुसऱ्या कोडेकची वेगळी प्रत लागते. ॲपलने ती सोय २०१९ मध्ये आयओएस १३ आणि मॅकओएस कॅटालिनापासून दिली. ही प्रत मॅकवर करणे सर्वांत सोपे आहे, त्यामुळे त्या कामापुरता कोणाचा तरी मॅक मिळवावा. दोन्ही प्रती एकाच व्हिडिओ टॅगमध्ये देऊन प्रत्यक्ष आयफोनवर आणि अँड्रॉइडवर पाहूनच पान प्रसिद्ध करावे.