वायरपेक्षा आवरण आणि जोड बघा

कुत्र्याला अंगणातच ठेवणाऱ्या ‘अदृश्य कुंपणा’साठी जमिनीत पुरतात त्या सिग्नलच्या वायरीबद्दल वर कुणीतरी विचारलंय: ‘करंट नगण्य असतो, मग किटमधली २० गेजची वायर का बदलायची?’ हा मुद्दा विजेच्या हिशेबाने बरोबरच आहे. सिग्नलला तेवढं तांबं पुरतं. पण जमिनीखालची वायर करंटने मरत नाही; फावडं, मुळं आणि थंडीत फुगणारी माती तिचा जीव घेतात. २० गेज म्हणजे जेमतेम ०.८ मिमी, १४ गेज १.६ मिमी. (आकडा वाढला की वायर बारीक, ऑर्डर करताना उलटं करू नका. मी केलंय.) आणि जाडीइतकंच आवरणही बघा: ओल्या मातीत पीव्हीसीपेक्षा पॉलिथिलीन जास्त टिकतं.

जोडांबद्दल मात्र इथे कुणीच बोललं नाही. मिशिगनमधल्या आमच्या अंगणात वायर तुटली ती मधे कुठे नाही, जोडावर. मी पीळ देऊन वर साधी काळी टेप गुंडाळली होती. दुसऱ्या वसंतात उकरलं तर टेप चिकट लगदा झालेली आणि आत तांब्यावर हिरवी बुरशी चढल्यासारखा थर. तोवर आमचा कुत्रा बंड्या दोनदा शेजारच्यांच्या टोमॅटोत जाऊन आला होता. आता एकसंध मोठं रीळ घेतो, नाइलाजाने जोडावं लागलंच तर पाणी आत न शिरू देणारं जेल भरलेला कनेक्टर, आणि त्या जागेवर खूण म्हणून एक दगड. आणि हो, अमेरिकेत खणायच्या आधी ८११ ला फोन करा (जमिनीखालच्या केबल-पाइप कुठे आहेत त्याच्या खुणा करून देणारी सेवा), फुकट आहे.